टेकाडे सरांचा सातवा नियम

खुशालराव टेकाडे म्हणजे सरळ माणूस, असं सगळे म्हणत. म्हणणारे सगळे त्यांना वैतागलेले होते, ती गोष्ट वेगळी. सरळ माणसं दोन प्रकारची असतात बाप्पा. एक आपलं आपण सरळ चालणारी, अन् दुसरी साऱ्या गावाची चाल तपासत हिंडणारी. टेकाडे सर दुसऱ्यातले.

वलगावच्या पुढे दोन कोस आत गेलं की त्यांची शाळा लागते. पाचवी ते दहावी, अनुदानित, मागे कपाशीचं वावर अन् पुढे गिट्टीचा रस्ता. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या आजच्या मास्तरांच्या पोटात दुखायचं. सर तिथं सतरा वर्षं गणिताचे मास्तर होते अन् मग मुख्याध्यापक झाले. पोट्टे त्यांना ‘मोठे सर’ म्हणत. मागून काय म्हणत ते लिहिण्याजोगं नाही.

आता माणसाचं चांगलं ते चांगलं म्हणावं. सरांनी आयुष्यात शिकवणी घेतली नाही. पालकाच्या घरचा चहा घेतला नाही. वरूडकडे बागा असलेल्या एका पालकानं एकदा संत्र्यांची पेटी शाळेत पाठवली. सरांनी ती पोट्ट्यांत वाटून टाकली, स्वतः एक फोडसुद्धा चाखली नाही, अन् पालकाला लेखी पत्र धाडलं की पुन्हा असं करू नये. तो बिचारा पुढच्या गॅदरिंगला आलाच नाही.

शिक्षकांची तर सरांनी पुरती दैना केली होती. माधवी मॅडमच्या लेकराला ताप होता, म्हणून तिनं वर्गात फोन उचलला. मेमो. सूर्यभान बाबू, म्हणजे शाळेचे कारकून, एका सोमवारी चार मिनिटं उशिरा आले कारण फाटकात बैलगाडी आडवी झाली होती. मेमो. बैलगाडीवाल्याला मेमो देता येत नाही याचंच सरांना वाईट वाटलं असेल.

हे सगळं ज्याच्या जोरावर चाले, तो फलक ऑफिसाबाहेर होता. बुधाजी पेंटरकडून सरांनी तो निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतला होता: ‘शिक्षकाची आचारसंहिता’. एकूण चौदा नियम. शिकवणी घेणार नाही, भेटवस्तू घेणार नाही, वेळेवर येईन, असं करत करत सातवा नियम होता: ‘विद्यार्थ्याचे गुण, जात, धर्म किंवा पालकांचा व्यवसाय यांवरून त्याला चारचौघांत कमी लेखणार नाही.’ अन् नववा होता: ‘शाळेच्या कागदावर खोटी नोंद करणार नाही.’

लोका सांगे ब्रह्मज्ञान, अन् स्वतः कोरडे पाषाण. कारण गणिताचे पेपर वाटायची सरांची एक रीत होती.

सगळ्या वर्गाला उभं करायचं. ज्याला सगळ्यात कमी, त्याचं नाव पहिले. मार्क मोठ्यानं सांगायचे, शेजारच्या वर्गात ऐकू गेले पाहिजेत असे. अन् मग विचारायचं, “बाप काय करतो?” पोट्टं सांगे, बकऱ्या राखते, पानठेला आहे, सेंट्रिंगच्या कामावर जाते. त्यावर सर मान हलवत अन् म्हणत, “मग बरोबर आहे.” एवढंच. वर्ग फिदीफिदी हसायचा, अन् जो हसायचा त्याचाही नंबर दोन मिनिटांनी यायचाच. सर भेदभाव करत नसत, एवढं मात्र खरं. पाटलाचं पोट्टं असो की मजुराचं, हिंदू असो की मुसलमान, सगळ्यांचा बाप ते एकाच मापानं काढत.

याला ते शिस्त म्हणत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी खोली करून ते शिकले होते. “आमच्या मास्तरांनी आम्हाला असंच घडवलं,” असं ते अभिमानानं सांगत. घडवलं म्हणे! जे जिवाला लागलं होतं ते पुढच्या पिढीला जसंच्या तसं देऊन मोकळे झाले, अन् त्याला घडवणं म्हणतात.

आचलची गोष्ट आठवीतली. वलगावच्या शिवारात तिच्या बापाचं तीन एकर काळं वावर. गणितात पोरगी कच्ची. सहामाहीत ऐंशीपैकी अकरा आले.

“बाप काय करतो?”

“वावर करते, सर.”

“मग बरोबर आहे. तूही जा वावरात निंदाले, पेन कायले धरून राहिली?” राग आला की सरांची पुस्तकी भाषा गळून पडे. त्यांनी तिची वही उचलली, सगळ्या वर्गाला दाखवली. “अन् हे अक्षर आहे की कोंबडीनं उकिरडा उकरला? तुबाची वही घे अन् गिरव. तिच्यासारखं अक्षर होईपर्यंत तुझी वही माझ्यासमोर आणायची नाही.”

तुबा म्हणजे त्याच वर्गातली, वलगावच्या स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान असलेल्या शाकीबभाईची पोरगी. शाळेत पहिली. तिचं मराठी अक्षर असं की सुविचाराचा फळा पाच वर्षं तिनंच लिहिला. सरांनी हुकूम सोडला अन् ते विसरून गेले. आचल काही विसरली नाही.

अक्षरावरून आठवलं. सरांना एक गर्व होता, अन् तो ते लपवत नसत. बिननावाची वही आणून द्या, अक्षर पाहून पोट्ट्याचं नाव सांगत. पाहुणे आले की हा खेळ हमखास व्हायचा. “अट्ठावीस वर्षं झाली,” ते म्हणत, “मले अक्षर फसवू शकत नाही.”

फलकाच्या खाली तक्रारपेटी होती. प्रत्येक शाळेत असते, कुलूप लावलेली अन् कोळिष्टकं धरलेली. सरांची तशी नव्हती. त्यावरही त्यांनी बुधाजीकडून लिहून घेतलं होतं: ‘नाव लिहिण्याची गरज नाही. नाव शोधले जाणार नाही.’ दर शनिवारी प्रार्थनेनंतर सर स्वतः कुलूप काढत अन् साऱ्या शाळेसमोर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत. नळाला पाणी नाही. संडासाची कडी तुटली. अमुक मॅडम वर्गात मोबाईल पाहतात. शिक्षक माना खाली घालून उभे असत. सरांना तो शनिवार लई आवडे.

आचल अन् तुबा दहावीत गेल्या त्या वर्षी, जानेवारीतल्या एका शनिवारी पेटीत एकच चिठ्ठी निघाली. सरांनी घडी उलगडली अन् नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू केलं, “मोठे सर पेपर वाटताना सगळ्यांसमोर...”

अन् थांबले.

साडेतीनशे पोट्टे उभे होते. सरांचे डोळे खाली खाली सरकत गेले, ओठ मिटलेले. मग त्यांनी चिठ्ठीची घडी घातली अन् खिशात टाकली. “राष्ट्रगीत,” ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी खिशात गेली होती. पोट्टे काय दुधखुळे असतात? सोमवारपर्यंत गावभर झालं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘मोठे सर पेपर वाटताना सगळ्यांसमोर मार्क सांगतात आणि वडिलांचा धंदा विचारतात. मग सगळे हसतात. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. हे नियम सातच्या विरुद्ध आहे. सरांना मेमो कोण देणार?’

शेवटची ओळ सरांच्या जिव्हारी लागली. लागायलाच पाहिजे होती, पण जिथं लागायची तिथं नाही लागली. त्यांना वाटलं, ही बंडाळी आहे. लिहिणारी मुलगी आहे एवढं तर दिसतच होतं. एवढी हिंमत दहावीचीच करणार, म्हणून सोमवारी त्यांनी दहावीच्या सगळ्या मुलींच्या मराठीच्या वह्या ऑफिसात मागवल्या अन् दार लावून घेतलं.

सूर्यभान बाबू कपाटाशी उभे होते. ते म्हणाले, “सर, पेटीवर आपण लिहिलं आहे, नाव शोधल्या जाणार नाही म्हणून.”

“ते तक्रारीसाठी आहे. ही बदनामी आहे.”

“सर, तक्रार आपल्यावर झाली की बदनामी होते का?”

सूर्यभान बाबूंना दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला. कारण लिहिलं होतं, कार्यालयीन कामात अडथळा.

दहा मिनिटांत सरांना अक्षर सापडलं. तीच सरळ ओढलेली शिरोरेघ, तीच ‘ण’ची गोलाई, ‘र’ची तीच शेपटी. तुबा. सरांनी पुढच्या वह्या उघडल्याच नाहीत, समाधानानं चष्मा पुसला. पोरगी ऑफिसात आली. तिच्यापुढे चिठ्ठी टाकली.

तुबानं पाहिलं. एक क्षण तिचे डोळे मोठे झाले. मग ती म्हणाली, “अक्षर माझ्यासारखं आहे, सर. पण मी नाही लिहिलं.”

“मग कोणी लिहिलं?”

तिनं चिठ्ठी टेबलावर परत ठेवली.

“तुला माहीत आहे.”

“माहीत असन तरी सांगणार नाही, सर. नाव शोधल्या जाणार नाही असं पेटीवर लिहिलं आहे.”

झालं! सोळा वर्षांची पोट्टी सरांना त्यांचाच नियम वाचून दाखवते म्हणजे काय! सर ओरडले, “वेल्डिंगवाल्याची पोरगी ना तू? मग बरोबर आहे. ठिणग्या उडवणं रक्तातच आहे. खोटारडी!” त्या दिवसापासून सुविचाराचा फळा दुसऱ्याकडे गेला. तुबानं वर्गात किंवा घरी कोणाला काही सांगितलं नाही. परीक्षा दोन महिन्यांवर होती, ती अभ्यासाला लागली.

जूनमध्ये निकाल आला. तुबाला एक्याण्णव टक्के. अमरावतीला मुलींचं एक निवासी महाविद्यालय आहे. राहणं, जेवण, शिक्षण सगळं संस्थेचं, पण जागा वीसच. यादीत तुबाचा नंबर चौदावा लागला. शाकीबभाईनं दुकानावर पेढे वाटले. पोरीला शिकायचं तर हीच एक वाट होती, कारण तिच्या मागे अजून तीन लेकरं अन् दुकान एक. आता फक्त शाळा सोडल्याचा दाखला नेऊन द्यायचा होता.

दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात काय लिहितात ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारकुनाला झोपेत विचारा: ‘चांगली’. शाळेच्या खिडक्या फोडणारा असो की मास्तरच्या गाडीची हवा सोडणारा, जाताना सगळ्यांची वर्तणूक चांगली. शाळा लेकराला निरोप देते तेव्हा मागचं उकरत नाही, एवढी माणुसकी त्या रकान्यात शिल्लक आहे.

सरांनी तुबाचा कोरा दाखला ओढून घेतला अन् स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘असमाधानकारक. खोटे बोलण्याची सवय.’

सूर्यभान बाबू पुढे झाले. “सर, असं कोणी लिहीत नाही हो. पोट्टीचा जलम आहे समोर.”

“कोणी लिहीत नाही म्हणून मी खोटं लिहू? नियम नववा वाचा.” अन् त्यांनी शिक्का मारला.

अमरावतीच्या प्रवेश खिडकीवरच्या मॅडमनी दाखला वाचला, चष्म्यावरून तुबाकडे पाहिलं, अन् परत केला. “आमच्या वसतिगृहात दोनशे मुली राहतात. शाळा उगाच असं लिहीत नाही. शनिवारी पाचच्या आत शाळेचा खुलासा आणा. नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.”

बुधवारी शाकीबभाई शाळेत आला. कामावरून तसाच, बाहीला जळाल्याची भोकं. “सर, काय केलं माह्या पोरीनं?”

सरांनी सांगितलं.

“ते म्हणते मी नाही लिहिलं. माही पोरगी झूट नाही बोलत.”

“सगळे बाप असंच म्हणतात. तिनं कबूल करावं, माफी मागावी. मी दाखला बदलतो.”

“न केलेलं कबूल कसं करन? पयले तिले खोटं बोलाले लावता, अन् मंग लिहून देता का खरी आहे म्हणून?”

“मग माझा नाइलाज आहे.”

शाकीबभाई उठला. “सर, आमी समजत होतो तुमी मास्तर आहा. तुमी तं ठाणेदार निघाले. अन् ठाणेदार बी पुरावा मांगते.” दार त्यानं आपटलं नाही, उघडंच टाकून गेला. सरांनी उठून लावलं अन् ‘पालकांची भाषा’ असं काहीतरी पुटपुटले. चिठ्ठी अजून त्यांच्या डायरीत होती. रोज काढून पाहत, अन् रोज त्यांना आपण बरोबरच वाटत.

शनिवार उजाडला. दुपारी दोन वाजता आचल ऑफिसात आली. बावन्न टक्क्यांनी पास झाली होती. “मले दाखला पाहिजे,” ती म्हणाली.

दाखल्यासाठी मुलानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहायचा, ही त्या शाळेची पद्धत. सूर्यभान बाबूंनी कोरा कागद दिला. आचल बाकावर बसली, मांडीवर वही घेतली, अन् लिहायला लागली. सर समोर फाईल चाळत होते. दहा मिनिटांनी अर्ज त्यांच्या टेबलावर आला.

सरांनी आधी अक्षर पाहिलं. सवयच ती. अन् त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तीच शिरोरेघ. तीच ‘र’ची शेपटी.

“हा अर्ज तुबानं लिहून दिला तुला.”

“नाही सर. आता इथं बसून लिहिला. तुमच्यासमोर.”

“खोटं बोलू नको!”

“सूर्यभानकाकाले विचारा.”

सूर्यभान बाबू उठले. त्यांनी दुसरा कोरा कागद काढला, पोरीच्या हाती दिला, अन् म्हणाले, “लिही बेटा, सरांच्या टेबलावरच लिही.” आचल उभ्या उभ्या वाकून लिहू लागली. सरांच्या नाकासमोर एकेक अक्षर उमटत गेलं. दोन ओळी झाल्या अन् सरांनी तिचा हात थांबवला.

“हे अक्षर... तुझं कधीपासून?”

“तुमीच सांगतलं होतं ना सर, आठवीत. तुबाची वही घे अन् गिरव म्हणून. दीड वर्स गिरवलं. रोज दोन पानं, वावरातून आल्यावर. तुबा मले वही द्याची.” तिनं पेन टेबलावर ठेवलं. “तिच्यासारखं होईपर्यंत वही दाखवू नको म्हणले होते तुमी. झालं तवा मी आणली होती, सर. नववीत. तुमी म्हणले, बाजूला हो, वेळ नाही.”

सरांना हे आठवलंही नाही. गणिताच्या पेपरात आकडेच सारे, अक्षर कोण पाहते? साऱ्या शाळेत ज्या पोरीनं त्यांचा शब्द न् शब्द पाळला, तिचंच अक्षर त्यांना ओळखू आलं नव्हतं.

“अर्ज वाचा ना, सर,” आचल म्हणाली.

त्यांनी वाचला. ‘मा. मुख्याध्यापक यांस. जानेवारीतली चिठ्ठी मी लिहिली होती. तुबाने लिहिली नव्हती. तिने माझे नाव सांगितले नाही आणि मलाही काही कळू दिले नाही. मला काल कळले. तरी तिचा दाखला बदलून द्यावा आणि वर्तणूक असमाधानकारक असे माझ्या दाखल्यावर लिहावे, ही विनंती.’

आता माणसानं काय करावं? उठावं, पळत सुटावं! पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सर म्हणाले, “दुसरा दाखला असा देता येत नाही. पालकांचा अर्ज लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, पहिला दाखला परत जमा...”

“सर,” सूर्यभान बाबूंचा आवाज कधी नव्हे तो चढला, “पयला देताना कोणता कागद मांगला होता तुमी? पावणेतीन वाजून राहिले. पाचले खिडकी बंद होते. नियमाची पाटी नका आडवी लावू आता, नाहीतर मी नोकरीवर लाथ मारून बाहेर जाऊन सांगतो साऱ्यांले.”

सरांनी जनरल रजिस्टर ओढलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले: ‘पहिल्या दाखल्यातील वर्तणुकीची नोंद नजरचुकीने...’

“नजरचूक नव्हती,” सूर्यभान बाबू म्हणाले. “मी इथंच उभा होतो.”

पेन थांबलं. त्या सोळा वर्षांच्या पोरीसमोर अन् आपल्याच कारकुनासमोर सरांचे कान लाल झाले. त्यांनी ‘नजरचुकीने’ खोडलं, खोडल्यावर सही केली, अन् लिहिलं: ‘मुख्याध्यापकाने खोटी केली होती.’ नवा दाखला भरला, स्कूटरला किक मारली. आचलचा अर्ज टेबलावर तसाच राहिला अन् आचल बाकावर.

वलगावच्या स्टँडजवळ शाकीबभाई एका गेटाला जोड देत होता. सर समोर येऊन उभे राहिले तरी त्यानं हातातलं काम बंद केलं नाही. ठिणग्या पायाशी पडत राहिल्या, सर दोन पावलं मागे सरकले. काम झाल्यावर त्यानं चेहऱ्यावरची ढाल वर केली अन् आत हाक मारली, “तुबा, मास्तर आले.”

तुबानं दाखला वाचला. ‘वर्तणूक: चांगली.’

“आचल आली होती?”

“हो. माझी चूक झाली.”

“आता हे दोन दाखले झाले, सर. तिथली मॅडम विचारन, कोणता खरा. मी काय सांगू? मी सांगतलं तं कोण मानन? खोटं बोलण्याची सवय आहे म्हणून तुमीच लिहून देलं.” तिनं दाखला त्यांच्या हातात परत दिला. “तुमी चाला.”

“मी फोन करतो त्यांना.”

“फोन नाही,” शाकीबभाई म्हणाला. “चाला.” अन् त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं.

साडेचारला ते खिडकीपाशी पोचले. रांगेत पंधरा-वीस पालक, लेकी, कागदांच्या पिशव्या. वरचा पंखा खडखड करत होता. शाकीबभाई अन् तुबा मागे थांबले. सर खिडकीपाशी वाकले अन् हळू आवाजात काहीतरी बोलले.

“ऐकू नाही येऊन राहिलं,” मॅडम म्हणाल्या. “मोठ्यानं बोला.”

“पहिला दाखला चुकीचा आहे.”

“चुकीचा म्हणजे?”

“म्हणजे... खोटा.”

“मोठ्यानं हो! कोणी लिहिला होता?”

“मी.” रांगेतली कुजबुज बंद झाली. सगळे पाहू लागले. सरांच्या मानेवर घामाची धार लागली. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. फक्त आजवर ते तिच्या दुसऱ्या टोकाला उभे असत.

“तुम्ही काय करता?” मॅडमनी विचारलं.

“मुख्याध्यापक आहे.”

मागून कोणीतरी पागोटेवाला म्हातारा खोकल्यासारखं हसला. “हेडमास्तर आहे म्हणते! मग बरोबर आहे!”

अन् रांग हसली. लहान पोरीसुद्धा हसल्या. सरांनी खिडकीची कड धरली. मॅडम पुढचं विचारणार होत्या, अजून मोठ्यानं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“मॅडम, त्यांले इथं नका विचारू. आत बोलावून विचारा.”

तुबा होती. मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे, अन् बाजूचं दार उघडलं. आत पाच मिनिटं लागली. सरांनी लेखी दिलं. तुबाचा प्रवेश झाला, चौदाव्या नंबरवर, पाचला दहा कमी असताना.

बाहेर पायरीवर सर थांबले होते. तुबा पावती घेऊन आली तसे ते पुढे झाले. त्यांना वाटलं, पोरीनं आपल्याला वाचवलं, म्हणजे पोरीचा राग गेला. माणसाला स्वतःबद्दल लई लवकर बरं वाटायला लागतं. “बेटा,” ते म्हणाले, “तू मघाशी जे बोललीस...”

“तुमाले माफ केलं म्हणून नाही बोलली, सर,” तुबा म्हणाली. “कोणालेच असं विचारू नये, म्हणून बोलली.”

शाकीबभाईनं गाडी सुरू केली. चहाला चला, असं तो म्हणाला नाही. वऱ्हाडात दुश्मनालाही चहा विचारतात, पण त्यानं विचारलं नाही. बापलेक निघून गेले.

सर शाळेत पोचले तेव्हा सहा वाजले होते. ऑफिसात दिवा सुरू होता. आचल बाकावर तशीच बसलेली, अन् सूर्यभान बाबू तिच्यासाठी थांबलेले.

“झाला?” तिनं विचारलं.

“झाला.”

सरांनी खुर्ची ओढली अन् तिचा दाखला भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. ‘वर्तणूक’पाशी आले अन् पेन अडलं. ही पोरगी तीन वर्षं त्यांच्या वर्गात होती. ती कशी आहे हे आठवायचा त्यांनी खरंच प्रयत्न केला. त्यांना ऐंशीपैकी अकरा आठवले, बापाचं वावर आठवलं, अन् त्यापुढे काहीच आठवलं नाही. दुपारी दोनपासून ती इथं बसून आहे, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. चिठ्ठीतली मधली ओळ त्यांनी इतक्या महिन्यांत शंभरदा पाहिली होती. ती आता वाचली गेली.

“जेवलीस का काही?” त्यांनी विचारलं.

“दाखला द्या, सर,” आचल म्हणाली.

त्यांनी ‘चांगली’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिनं दाखला हातात घेतला, उभ्या उभ्या रकाना वाचला, घडी घातली, अन् सूर्यभानकाकाला येते म्हणून सांगून निघून गेली.